अक्काच्या चिंध्यांची पिशवी

शनिवारी चिंध्यांची पिशवी आली नाही, ते टोकदादाने कानामागे टाकलं. सोमवारीही आली नाही, तेव्हा मात्र त्याने हातोडी खाली ठेवली आणि अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "झालं! अक्काने युद्ध पुकारलं."

आता ही पिशवी काय चीज आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वाऱ्यावर जायचं. कारखाना होता कात्र्यांचा. शिंप्यांच्या मोठ्या, हाताला वजन लागणाऱ्या कात्र्यांचा. टोकदादा तिथे जोड बसवायचा. कात्रीची दोन पाती आपापल्या परीने कितीही चांगली घडवलेली असोत, त्यांचं एकमेकींशी जमेलच असं नाही. कुणीतरी समोर बसून, उजेडाकडे धरून, इथे एक टिचकी, तिथे एक टिचकी अशी हलक्या हातोडीने त्यांना एकमेकींकडे झुकवावं लागतं. अंगभर चिकटली तर अडतात. लांब राहिली तर कापड चघळतात. मिटताना दोघींनी एकाच बिंदूवर भेटायचं आणि तो बिंदू मुठीपासून टोकापर्यंत न तुटता सरकवत न्यायचा. "टोकापर्यंत!" हा शब्द त्याच्या तोंडी इतका बसला होता, की त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागे.

आणि जोड बसला की नाही हे बघायचं कशावर? मऊ, झुळझुळीत चिंधीवर. जाड कापड मनाने उदार, वाईट कात्रीलाही सांभाळून घेतं. मऊ चिंधी कुणाची भीड ठेवत नाही. टोकाशी जरा खोट असली की ती कापली न जाता दुमडते आणि पात्यांत अडकून बसते. अशा चिंध्या यायच्या अक्काकडून. अक्का ही टोकदादाची थोरली बहीण. वरच्या मजल्यावर टोकदादा आणि त्याची बायको, खालच्या मजल्यावर अक्काचं शिवणघर. ओळीने मांडलेली यंत्रं, मधोमध कापणीचं लांबलचक टेबल, आणि टेबलाशी चष्मा कपाळावर चढवून बसलेली अक्का, बोटात शिवणाचं टोपण आणि तोंडात टाचण्या. बोलायचं असलं की टाचण्या काढायची. म्हणून तिच्या शिकाऊ पोरी टाचण्या निघाल्या की सावध व्हायच्या. आठवड्याचे उरलेले मऊ तुकडे ती निळ्या पिशवीत कोंबून भावाच्या जिन्यात ठेवायची. बाबा गेले, त्यांच्या जागेवर कारखान्यात टोकदादा बसला, तेव्हापासून हा नेम. भावंडं भांडली, अबोला धरला, तरी पिशवी यायचीच. उलट अबोल्यात जरा जास्त भरलेली यायची.

मग या वेळी असं काय बिनसलं? खोक्यांवरून बिनसलं.

बंदरावरून कात्र्यांची खोकी यायला लागली होती. परदेशी, यंत्राने पटापट ठोकलेल्या, लाल-पिवळ्या मुठींच्या, सगळ्या जुळ्या बहिणींसारख्या. स्वस्त तर अशा, की दुकानदार दोऱ्याच्या रिळांशेजारी त्या टोपलीत ओतून ठेवत. कारखान्याच्या कात्र्या काचेच्या कपाटात बसून हे बघत राहिल्या. एक दिवस मालकाने सगळ्यांना बोलावलं. "सरकारने महिनाअखेरपर्यंत काही हात दिला तर ठीक. नाहीतर दार लावावं लागेल," असं सांगताना तो स्वतःच रडायला लागला. त्यामुळे त्याला चार शिव्या घालून मन मोकळं करायचीही सोय राहिली नाही.

सरकार मात्र जागं झालं. निवडणूक तोंडावर होती, तेव्हा जागं व्हायला हवंच होतं. व्यापारमंत्री बाईंनी जाहीर केलं, की त्या स्वतः येऊन नाट्यगृहात सुनावणी घेतील. पर्याय दोन. एक, बाहेरच्या कात्र्यांवर जबर कर लावायचा. दोन, कारखाना बंद होऊ द्यायचा आणि कामगारांना दुसऱ्या शहरात नेऊन नवं काहीतरी शिकवायचं. कारखान्याकडून एकाने बोलायचं, शिंप्यांकडून एकाने.

कामगारांचा पुढारी होता भोंगा. त्याचा आवाज असा, की ध्वनिक्षेपक बिघडला तर लोकांना नंतर कळायचं. तो टोकदादाच्या पुढ्यात येऊन बसला. "दादा, तुम्हीच बोलायचं. दोनच शब्द. कर लावा. पुढचं रडणं मी बघतो."

टोकदादा कबूल झाला. दुसऱ्या शहरात जाऊन या वयात नवं शिकायचं, हे त्याला जमण्यातलं नव्हतं. त्याला एकच काम येत होतं, आणि देवाने ते त्याच्या हातात इतक्या प्रेमाने ठेवलं होतं, की काम करताना तो आपसूक देवाचं नाव गुणगुणायचा. बाबांची ती बैठक, खिडकीतून पात्यावर पडणारा तो उजेड, हे सगळं एका सहीसरशी संपणार होतं.

आणि शिंप्यांनी आपल्याकडून कुणाला निवडलं? अक्काला.

त्या संध्याकाळी दोघं जिन्यात समोरासमोर आले.

"ऐकलं ते खरं का गं?"

"काय ऐकलंस त्यावर आहे."

"तू माझ्याविरुद्ध उभी राहणार?"

अक्काने टाचण्या काढल्या. "तुझ्याविरुद्ध कशाला? मी कराच्या विरुद्ध उभी राहणार. तू त्याच्या मागे जाऊन लपलायस, त्याला मी काय करू?"

"कारखाना बंद पडेल, अक्का!"

"आणि कर लागला तर माझ्या शिकाऊ पोरी बंद पडतील. हाताशी कात्री नसेल तर शिकतील काय, दाताने कापायला? तुझी कात्री घ्यायची तर पोरीने वर्षभर उपाशी राहायचं?"

"मग घे ती टोपलीतली! बस जन्मभर कापड चघळत!"

"घेतेच! आणि त्या भोंग्याला सांग, माझ्या खिडकीखाली घोषणा द्यायच्या तर सुरात दे म्हणावं. काल त्याच्या पायी माझी सरळ शिवण नागमोडी गेली."

दोन्ही दारं धाडकन लागली. आणि पिशवी बंद झाली.

"चिंध्या नाहीत तर नाहीत," टोकदादाने कारखान्यात फर्मान काढलं. "अडलंय माझं खेटर! कागदावर तपासा."

"कागदावर?" धार लावणारा म्हातारा चपापला.

"कागदावर म्हटलं ना!"

कागद कुरकुरत का होईना, कापला जातो. त्यामुळे सगळ्या कात्र्या पास झाल्या. नवा माल खोक्यांत भरून बाजारात गेला. मऊ चिंधीने जे तोंडावर सांगितलं असतं, ते कागदाने पोटात ठेवलं. त्या आठवड्यात टोकदादाचं गुणगुणणंही बंद होतं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. फक्त त्याच्या बायकोच्या आलं. ती शेजारच्या बायकांबरोबर घरी बसून कारखान्याच्या लाकडी मुठी घासायची, आणि मूठ घासता घासता माणसं वाचायची तिला सवय होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, दुपारी, कारखान्याच्या दारात अक्का उभी राहिली. बाबा गेल्यापासून तिने त्या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता. यंत्रं एकेक करून थांबली. भोंग्याच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

ती सरळ भावाच्या बैठकीपाशी आली आणि एक कोरी करकरीत कात्री त्याच्यापुढे आपटली.

"ही कुणी बसवली?"

टोकदादाने खिळ्याजवळची आपली खूण पाहिली. "मी."

"कशावर तपासलीस?"

टोकदादा ती खूण अंगठ्याने पुसायला लागला.

"अरे, कशावर?"

"कागदावर."

"बाबांच्या जागेवर बसून?" अक्काचा आवाज चढला नाही, उलट उतरला. तो उतरला की भाऊ लहानपणी पलंगाखाली जायचा. इथे पलंग नव्हता. "काल एका नवरीच्या कापडात ही घातली. टोकाशी येऊन अशी अडकली, की पदराएवढा तुकडा वाया गेला. मेल्या, माझ्याशी भांडण होतं ना? कात्रीने काय घोडं मारलं होतं?"

टोकदादाचे कान तापले. पण तापल्या कानांतही एक गोष्ट शिरली. "पण ही तुझ्याकडे आली कुठून?"

"दुकानातून. विकत."

"तू? तू आमची कात्री विकत घेतेस?"

"मग कापणीच्या टेबलावर काय ती टोपलीतली घेऊन बसू? दिवसभर तिने कापलं तर हात गळून पडेल. टेबलाला तुझीच लागते. कायम लागत आली. तुला सांगितलं असतं तर तू फुकट दिली असतीस, आणि मालकाच्या मालावर उदार व्हायची आपल्या घराची रीत नाही." ती स्टुलावर बसली. "टेबलाला तुझी, आणि शिकाऊ पोरींना टोपलीतली. तू गेलास तर माझं टेबल गेलं. ती खोकी गेली तर माझ्या पोरी गेल्या. उद्या सगळ्या गावासमोर मला यातलं एक मागायचंय. आता तूच सांग, मी कुणाच्या विरुद्ध आहे?"

टोकदादाने कात्री उचलली, उजेडाकडे धरली, ठोकळ्यावर ठेवून अगदी हलकी टिचकी मारली. पुन्हा धरली. पुन्हा एक टिचकी. मग नकळत हात पुढे केला, जसा वर्षानुवर्षं पिशवीकडे करत आला होता. हात हवेतच थांबला.

अक्काने खिशातून एक मऊ, अबोली रंगाची चिंधी काढून त्या हातात ठेवली.

"म्हणजे आणली होतीस!"

"सवय रे," ती तोंड फिरवून म्हणाली.

कात्री चिंधीवर चालली. आवाज असा आला नाहीच. चिंधीचे दोन तुकडे झाले आणि दोघांच्या मध्ये अलगद खाली पडले.

"टोकापर्यंत," अक्का म्हणाली. आणि देवाच्या दयेने त्या भावाबहिणीला एकाच वेळी हसू फुटलं.

हसता हसता टोकदादाने विचारलं, "आणि त्या टोपलीतल्या? टिकतात किती?"

"हंगामभर. मग खिळा ढिला होतो, टोकं एकमेकींकडे बघेनाशी होतात. पत्र्याच्या पिंपात टाकून देते."

"फेकून देतेस?"

"मग काय आरती ओवाळू?"

पण टोकदादा उठला होता. त्याला ते पिंप बघायचं होतं. शिवणघरात जाऊन कापणीच्या टेबलाखालून ते ओढून काढलं, तेव्हा आत लाल-पिवळ्या मुठींची नुसती रास. तो तिथेच जमिनीवर बसला. शिकाऊ पोरी गोळा झाल्या. पहिल्या कात्रीचं लोखंड लेचंपेचं निघालं, ती बाजूला गेली. दुसरीचा खिळा त्याने आवळला, पात्यांना बाक दिला, चिंधी मागितली. चिंधी सुळ्ळकन कापली गेली. तिसरी थोडी रुसली, मग तीही वळली.

"अक्का," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आठवड्यानंतर पुन्हा ते गुणगुणणं आलं होतं, "यातल्या कितीतरी मेलेल्याच नाहीत. झोपल्यात नुसत्या. जोडाशिवाय पाठवल्यात त्या बिचाऱ्या."

अक्का टाचण्या तोंडात घालायचं विसरली. "अशी पिंपं गावातल्या प्रत्येक शिंप्याकडे आहेत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढचं बोलायची गरज नव्हती, तरी दोघं एकदमच बोलायला लागले. तेवढ्यात जिन्यावरून टोकदादाची बायको उतरली. हाताला अजून मुठींचं तेल होतं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बेत चांगला आहे, वन्सं. पण यात आम्ही कुठे?"

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही घरी बसून मुठी घासणाऱ्या. कालच सरकारी माणूस सांगून गेला, की कारखान्याच्या पटावर नाव नाही म्हणून आम्ही कामगारच नाही. कारखाना बुडाला तर आम्ही बुडणार, पण बुडालेल्यांत मोजणार नाहीत." मग नवऱ्याकडे वळून, "काय हो, तुमच्या कात्रीला पातीच असतात, मूठ नसते का?"

टोकदादा चूक पकडलेल्या मुलासारखा हसला. "असते की! लिहून घे, अक्का."

"लिहायचं काय त्यात? डोक्यात शिवून ठेवलंय."

राहिला भोंगा. त्याला सांगितल्यावर तो हबकलाच. "दादा, मी गावभर भिंती रंगवल्यात! कर लावा, कर लावा! आता काय तोंड दाखवू? लोक म्हणतील भोंगा विकला गेला!"

"रंगवल्यास तर रंगवल्यास," अक्का म्हणाली. "माप चुकलं तर आम्ही झगा उसवतो. बाईला कापून झग्यात बसवत नाही."

"पण उसवणं म्हणजे हारच ना हो?"

"उसवणं हे निम्मं शिवणकाम आहे, बाबा. ये, हे पिंप उचलायला तुझ्यासारखाच गडी हवा."

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह खचाखच भरलं. डावीकडे कामगार, उजवीकडे शिंपी, मधली वाट मोकळी, जणू दोन गावांच्या वरातीच समोरासमोर. मंचावर मंत्रीबाई. लहान चणीच्या, घसा बसलेला, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. पण नजर अशी, की समोरचा काय मागणार हे त्याच्याआधी त्यांना कळावं. बाजूला सचिव.

"कारखान्याकडून कोण?" त्यांनी विचारलं.

टोकदादा उठला. उजवीकडून अक्काही उठली.

"एकेक करून," सचिव म्हणाले.

"आम्ही एकच बोलणार आहोत," अक्का म्हणाली, आणि दोघं मधल्या वाटेने जोडीने पुढे आले. सभागृहात अशी कुजबुज उठली, की जणू शेतावरून वारं जावं. टोकदादा अर्ध्या वाटेत रेंगाळला. अक्काने त्याचं मनगट धरलं, शाळेच्या पहिल्या दिवशी धरलं होतं तसं.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "मला सांगितलं होतं की कर मागायचा. पण मी ज्याच्यासाठी कात्री बनवतो, त्याच्याच घरात आग लावून मी माझे हात कसे शेकू? मला कर नको. मला दुसरं शहरही नको. भोंगा, आण रे!"

भोंग्याने पिंप डोक्यावर घेऊन मंच गाठला आणि उलटं केलं. लाल-पिवळ्या कात्र्या खणखणत, घरंगळत मंत्रीबाईंच्या पायापर्यंत गेल्या. मग उजवीकडचा एकेक शिंपी उठला. कुणी डबा, कुणी बादली, कुणी फडक्यात बांधलेलं गाठोडं. मंचावर लोखंडाचा ढीग चढत गेला आणि त्या खणखणाटाला टाळ्यांची साथ मिळायला लागली.

"या जोडाशिवाय आलेल्या कात्र्या," टोकदादा म्हणाला. "आमच्या कारखान्याने यांना जोड द्यावा. आमच्या मोठ्या कात्र्याही बनत राहतील, आणि या स्वस्तातल्या पुन्हा कापत राहतील. फक्त हे उभं राहीपर्यंत पगार थांबू नये. आणि घरी मुठी घासणाऱ्या बायकांना कामगार म्हणावं."

मंत्रीबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "विचार चांगला आहे. पण माझ्याकडे दारं दोनच आहेत. तुम्ही मला भिंत दाखवताय."

"दार आधी भिंतच असतं, बाईसाहेब," अक्का म्हणाली. "गवंडी बोलवायचा असतो. तुम्ही आहात की!"

सभागृह हसलं. बाईही हसल्या, पण सावरून म्हणाल्या, "आणि पैसा कुठून?"

"खोकी आणणाऱ्यांकडून. कर नको, खोक्यामागे डागडुजीची छोटीशी वर्गणी."

"व्यापारी ओरडतील."

"ओरडणार नाहीत. खोक्यावर छापू द्या त्यांना, जोड फुकट बसवून मिळेल म्हणून. माल दुप्पट खपेल. मी बाजारात हयात घालवली आहे."

बाईंनी सचिवांकडे पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. दोन्ही बाजू एकाच वेळी टाळ्या वाजवतायत असं दृश्य निवडणुकीआधी फार थोड्यांच्या नशिबी येतं, आणि ते न ओळखायला त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. "सहा महिने पगार," त्या म्हणाल्या.

"दोन वर्षं," अक्का म्हणाली.

"एक. आणि घरी काम करणाऱ्या बायकांचं पुढे बघू."

अक्काने चष्मा कपाळावर चढवला, भावाचा हात धरला आणि शांतपणे चालू लागली. बाजारात भाजीवाल्यासमोरून निघतात तशी. मागे न बघता.

"अहो, थांबा!" मंत्रीबाई उभ्याच राहिल्या. बसलेल्या घशातून त्यांचं हसू खरखरत बाहेर आलं. "माझी आईही अशीच निघून जायची. दीड वर्ष, आणि घरच्या बायका आजपासून कामगार. झालं समाधान?"

अक्का वळली. तिने भावाकडे पाहिलं. भावाने मागे, मुठींचं तेल लागलेला हात वर करून उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"झालं," टोकदादा म्हणाला.

मग जे झालं ते शब्दांत धरणं कठीण. कामगार उजवीकडे धावले, शिंपी डावीकडे, मधली वाट कुठे गेली ते शोधूनही सापडलं नाही. म्हातारा धारवाला मालकाच्या गळ्यात पडला. मालक या वेळीही रडला, पण आज त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. आणि भोंग्याने अशी काही गर्जना केली, की मंत्रीबाईंनी स्वतः कानांवर हात ठेवले आणि सचिवांना म्हणाल्या, "याला प्रचारात मागून घेता येईल का बघा."

"येईन की," भोंगा म्हणाला, "पण आधी भिंती उसवायच्यात."

सोमवारी सकाळी टोकदादा जिना उतरला, तर पायरीवर निळी पिशवी. इतकी ठासून भरलेली, की तोंड बांधायला अक्काने आपली मोजपट्टी गुंडाळली होती. खालून यंत्रांचा आवाज येत होता आणि त्यावर अक्काचा.

"मोजपट्टी परत आण रे! आणि कागदाला हात लावलास तर बघ!"

"आणतो गं!"

कारखान्यात पहिली लाल मुठीची कात्री त्याच्या बैठकीवर वाट बघत होती. सगळे भोवती जमले. त्याने खिळा आवळला, उजेडाकडे धरली, टिचकी मारली, पुन्हा धरली. मग पिशवीत हात घालून सगळ्यात मऊ चिंधी काढली आणि देवाचं नाव गुणगुणत कात्री चालवली.

कुणी काही बोलायच्या आधी भोंगाच ओरडला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा, आणि चक्क सुरात:

"टोकापर्यंत!"